उदास नव्हे, उदासीन

रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीपासून फार लांब नसलेल्या एका गावात आमचे एक जुने गुरुजी राहतात. आमच्यापैकी दोघांना त्यांनी गणित आणि विज्ञान शिकवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वही घातली. पावसाळ्यात घरगुती पर्जन्यमापकातील पाणी मोजायचे, आणि बाराही महिने बंदरावर जाऊन भरतीची वेळ लिहायची. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे पुस्तकातले वाक्य त्यांच्या वहीत पानोपानी दिसे. ती वही पुढे शाळेतल्या मुलांना ते दाखवीतही.

वही केव्हा बंद पडली हे घरात कोणाच्याच ध्यानात आले नाही. गुरुजी सकाळी उठत, हातात दिलेला चहा घेत, ओटीवर बसत. जेवायला बोलावले की जेवत. विचारले तर पावणेदोनचा पाढा आजही बिनचूक म्हणत. पण आपणहून काही करीत नसत. वाडीतल्या पोफळींना पाणी सोडायचे राहून गेले तरी त्यांना काही वाटत नसे. मुलगा म्हणे, "बाबांना आता कंटाळा आलाय." सून म्हणे, "सगळं हातात मिळतंय, मग कशाला हलतील?" शेजारच्या आजोबांचे मत आणखी निराळे होते. गुरुजींना विरक्ती आली आहे, चांगले लक्षण आहे, असे ते म्हणत. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी मन खचले असेल म्हणून गोळ्या दिल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. पुढे चालताना पावले आखूड पडू लागली, एकदा तोल गेला, आणि त्या निमित्ताने मुंबईला मेंदूचे चित्र काढले गेले. त्यात खोलवर सात-आठ बारीक खळगे होते आणि आजूबाजूला पांढरट डागांचे ढग. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार, असे त्याचे नाव.

आळस, दुःख, वैराग्य आणि आजार या चार गोष्टी बाहेरून इतक्या सारख्या दिसाव्यात, हे आम्हांला अस्वस्थ करून गेले. मग आम्ही या प्रश्नाचा इतिहास शोधायला लागलो. तो पॅरिसला सुरू होतो, आणि मध्येच चक्क मुंबईच्या परळला येऊन जातो.

आधी शब्द पाहू. मराठीत 'उदास' आणि 'उदासीन' हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण उदास माणूस दुःखी असतो. उदासीन माणूस अलिप्त असतो. संस्कृतात 'उद् + आसीन' म्हणजे बाजूला बसलेला. गुरुजी अक्षरशः तसेच बसले होते. इंग्रजीतल्या 'अपॅथी' या शब्दाची गोष्टही मजेची आहे. तो ग्रीक 'अपाथेया'वरून आला, आणि स्टोइक तत्त्वज्ञांच्या लेखी अपाथेया हा सद्गुण होता: विकारांनी न ढळणारे मन. आपल्याकडेही 'निरिच्छ' हे विशेषण कौतुकाने लावले जाते. ज्या लक्षणाला समाज गुण समजतो ते लक्षण म्हणून ओळखू यायला वेळ लागणारच. शिवाय वैद्यकाला जे नव्याने उगवते ते चटकन दिसते. ताप, गाठ, झटका, लकवा या गोष्टी मोजता येतात. जे नाहीसे झाले ते कसे मोजायचे? न लिहिलेली वही कोणी तपासायला आणत नाही.

आता रक्तवाहिन्या. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. हा पुरवठा मोठ्या धमन्यांकडून होतो हे खरे. तरी मेंदूच्या गाभ्यापर्यंत तो नेण्याचे काम करतात केसासारख्या बारीक शाखा. काहींचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. आमच्या अलिबाग-नागावच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना रहाटाचे पाणी पाटाने कसे फिरते हे ठाऊक आहे. पाट बुजू लागला की विहिरीजवळच्या ओळी हिरव्या राहतात आणि शेवटच्या ओळीतल्या पोफळी आधी सुकतात. मेंदूचा खोल पांढरा भाग म्हणजे अशी शेवटची ओळ.

नळी थोडी अरुंद झाली तर एवढे काय बिघडते? याचे उत्तर वर्गात देण्याजोगे आहे. पॅरिसचे डॉक्टर ज्याँ पॉसई यांनी १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमापे घेतली, तीही रक्ताभिसरण समजावे म्हणूनच. दाब, लांबी आणि द्रव तेच ठेवले तर वाहणारे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा होतो. सारख्याच लांबीची एक जाड आणि एक बारीक नळी एकाच बादलीतून लोंबकळत सोडली तर विद्यार्थ्यांना फरक घड्याळ लावून मोजता येईल. रक्तवाहिन्या काचेच्या नसतात आणि रक्त म्हणजे पाणी नव्हे, तेव्हा आकडा तंतोतंत लागू पडणार नाही. पण रोख तोच.

या बारीक शाखा मोठ्या धमनीतून सरळ फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब त्यांना फारसा उतार न मिळता सोसावा लागतो. वर्षानुवर्षे दाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड व ताठ होतात, आतली वाट अरुंद होते, काही ठिकाणी भिंती पाझरू लागतात. मग कुठे एखादा मसुराएवढा भाग रक्ताअभावी मरतो आणि तिथे खळगा राहतो. अशा खळग्यांना फ्रेंच डॉक्टर देशांब्र यांनी १८३८ साली 'लाक्यून' म्हणजे छोटे डबके असे नाव दिले. १९०१ मध्ये पिएर मारी यांनी पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील वृद्धांच्या रुग्णालयात असे मेंदू तपासले आणि त्या म्हाताऱ्यांच्या आखूड पावलांच्या चालीची नोंद केली. त्याआधी १८९४ मध्ये जर्मनीतील येना येथे ऑटो बिन्सवांगर यांनी मेंदूतल्या पांढऱ्या भागाची झीज आणि हळूहळू मंदावत जाणारी बुद्धी यांचा संबंध सुचवला होता. (तत्त्वज्ञ नित्शे हे याच बिन्सवांगरांच्या रुग्णालयात काही काळ होते.) मग जवळजवळ अर्धशतक या विषयावर धूळ बसली. ती झटकली बॉस्टनच्या मिलर फिशर यांनी. १९६५ मध्ये त्यांनी हजाराहून अधिक मेंदूंच्या शवविच्छेदनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ११४ मेंदूंत खळगे सापडले आणि त्या माणसांपैकी जवळजवळ सर्वांना हयातीत उच्च रक्तदाब होता.

पण हे सर्व मरणोत्तर ज्ञान. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायला १९७१ साली सीटी स्कॅन आणि त्यानंतरच्या दशकात एमआरआय यावे लागले. आणि ते आल्यावर एक धक्का बसला. ज्यांना कधी झटका आला नव्हता, ज्यांचे तोंड वाकडे झाले नव्हते, अशा असंख्य वृद्धांच्या पांढऱ्या भागात डाग दिसू लागले. कॅनडाचे व्लादिमिर हाचिन्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये या डागांना एक तटस्थ नाव दिले, ज्याचा अर्थ एवढाच की 'पांढरा भाग विरळ झाला आहे'. काय झाले आहे ते दिसते, त्याचा अर्थ नंतर ठरवू, असा त्यामागचा प्रामाणिकपणा होता.

आता परळकडे येऊ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उच्च रक्तदाबावर म्हणण्यासारखे औषध नव्हते. इतकेच नव्हे, अरुंद वाहिन्यांतून रक्त ढकलायला वाढीव दाब गरजेचाच आहे, तो उतरवणे धोक्याचे, असे मानणारे मोठे डॉक्टर होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० भरला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला देण्यासारखे त्या वेळी फारसे काही नव्हते. हे ध्यानात घेतले की १९४९ चे महत्त्व कळते. त्या वर्षी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवर केलेल्या सर्पगंधेच्या चाचणीचा वृत्तांत छापला. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वैदू आणि वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरीत होते, कोकणच्या रानांतही ही वनस्पती आढळते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड व रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी असल्याचे लिहिले होते. पण बाहेरच्या जगाचे लक्ष गेले ते वकिलांच्या लेखामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातला प्रभावी घटक वेगळा केला, तो रेसर्पिन. जुन्या पिढीतल्या वाचकांना 'अ‍ॅडेल्फेन'ची गोळी आठवत असेल. तिच्यात तोच होता. वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. (रक्तदाबाच्या औषधाशी रायगड जिल्ह्याचे आणखी एक नाते आहे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी किती जीव वाचवले हे येथे सांगायला नको. तेही मुळात रक्तदाबाचेच औषध.)

रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत मात्र एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ती माणसे थंड पडत. हे औषध माणसाला दुःखी करते असा बोलबाला झाला आणि पाठ्यपुस्तकांत तसे छापलेही गेले. पुढे त्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्यांपैकी काहींनी वेगळेच मत दिले: त्यांतले बरेच रुग्ण खऱ्या अर्थाने दुःखी नव्हतेच, ते मंदावले होते. उदास आणि उदासीन यांची गल्लत डॉक्टरांचीही झाली होती तर!

हे मंदावणे कशाने होते याचा शोध घेताना स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांवर प्रयोग केला. रेसर्पिन दिलेले ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. मेंदूत त्याचे डोपामीन बनते. थोड्याच वेळात ससे कान टवकारून उड्या मारू लागले. परिणाम संपला की पुन्हा निपचित. डोपामीन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे हे यातून पुढे आले, कंपवाताचा उपचार याच वाटेने सापडला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. परळच्या वॉर्डातून निघालेली वाट स्टॉकहोमला पोहोचली असे म्हटले तर ते फार ताणलेले होणार नाही.

सशाला हलता येत नव्हते की हलावेसे वाटत नव्हते? हा प्रश्न त्या प्रयोगाने सुटला नाही. त्यासाठी १९९० च्या दशकातले अमेरिकेतील जॉन सालामोन यांचे उंदीर पाहावे लागतात. दोन वाटा, एकीच्या टोकाला थोडे खाणे, दुसरीच्या टोकाला जास्त, पण मध्ये चढून जावा लागेल असा अडसर. निरोगी उंदीर अडसर चढून जास्त खाण्याकडे जातात. मेंदूच्या एका ठरावीक भागातले डोपामीन कमी केले की तेच उंदीर सोपी वाट धरून थोडक्यावर समाधान मानतात. भूक आहे, खाणे आवडते, चालताही येते. तुटला आहे तो कष्ट आणि फळ यांचा हिशेब.

माणसांतही असा तुटलेला हिशेब पॅरिसच्या दोमिनिक लाप्लान यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी नोंदवला. त्यांच्या काही रुग्णांच्या मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या पेशीपुंजांना इजा झाली होती, एकाला तर गांधीलमाशीच्या दंशानंतर. ही माणसे एकटी असली की तासन्‌तास काही न करता बसत. मनात काय चालले आहे विचारले तर काही नाही म्हणत. पण दुसऱ्याने काम सांगितले की ते नीट करीत. बुद्धी शाबूत, हातपाय शाबूत. नाहीसा झाला होता तो फक्त आतून मिळणारा धक्का. कपाळामागचा मेंदू आणि तळाचे पेशीपुंज यांच्यामध्ये संदेशांची वर्तुळे फिरत असतात, आणि त्यांच्या तारा नेमक्या त्या खोल पांढऱ्या भागातून जातात जिथे सूक्ष्म वाहिन्यांचा विकार घाव घालतो. गुरुजींच्या मेंदूत डोपामीन आटले होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या तारा जागोजागी झिजल्या होत्या. पण रेसर्पिनचा ससा आणि ओटीवरचे गुरुजी एकाच वर्तुळाच्या दोन निरनिराळ्या जागी अडले होते, एवढे म्हणता येते.

मग मोजायचे कसे? १९९० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट मॅरिन यांनी आग्रहाने मांडले की उदासीनता हे स्वतंत्र लक्षण आहे, दुःखाची सावली नव्हे. पुढच्याच वर्षी त्यांनी अठरा प्रश्नांची मोजपट्टी दिली. तिचे शहाणपण आम्हांला वाटते ते असे की तिची तीन रूपे आहेत: एक रुग्णाने भरायचे, एक डॉक्टरांनी आणि एक जवळच्या माणसाने. कारण ज्याला कशाचेच काही वाटत नाही त्याला आपल्याला काही वाटत नाही याचेही काही वाटत नाही. नैराश्य आलेला माणूस स्वतः तळमळतो, अपराधी वाटते म्हणतो, रडतो, मरणाची भाषा करतो. उदासीन माणूस विचारले तर "बरं आहे" म्हणतो. तळमळतात ती घरची माणसे. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून प्रश्न सुटे सुटे विचारावे लागतात. नैराश्याच्या अनेक प्रश्नावल्यांत 'आवडीच्या गोष्टी सोडल्या का' असा प्रश्न असतो, आणि निव्वळ उदासीन माणूसही तिथे 'हो' म्हणून खिन्नांच्या यादीत जाऊन बसतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही हे लंडन व केंब्रिजमध्ये ह्यू मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसले. सूक्ष्म वाहिन्यांच्या विकाराच्या रुग्णांत पांढऱ्या भागाच्या झिजेशी उदासीनतेचा संबंध आढळला, नैराश्याचा तसा आढळला नाही (२०१५). आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे भाकीत उदासीनतेवरून करता आले, नैराश्यावरून नाही. म्हणजे ओटीवर बसलेला माणूस ही कदाचित आगाऊ सूचना असते. ऑक्सफर्डमधील मसूद हुसैन यांच्या गटाने तर सालामोनच्या उंदरांचा प्रश्नच माणसांना विचारला. पडद्यावर झाडाला लागलेली सफरचंदे दिसतात. ती मिळवायची तर हातातली मूठ ठरावीक जोराने आवळायची. घेणार की सोडणार? २०२१ च्या त्यांच्या निबंधात या विकाराच्या उदासीन रुग्णांनी इतरांपेक्षा कमी वेळा 'घेणार' म्हटले.

हे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात येईपर्यंत आपण काय करावे? आम्हांला वाटते, मोजपट्टीतल्या प्रश्नांइतकेच महत्त्व घरच्या रीतीला आहे. आपल्याकडे निवृत्त पुरुषाने काही करावे अशी अपेक्षाच नसते, तेव्हा त्याने काही केले नाही हे कळणार कसे? आजींचे उलट. त्यांनी वाळवणे घालायची सोडली, मासळीवालीशी घासाघीस करायची सोडली, तर दुसऱ्या दिवशी समजते, आणि बहुधा बोलणी खावी लागतात. म्हणून 'काय करतात?' हा प्रश्न निरुपयोगी. 'पूर्वी आपणहून काय करीत आणि आता त्यातले काय सांगितल्याशिवाय होत नाही?' असे विचारावे. बदल केव्हापासून, हे विचारावे. आणि उत्तर चिंताजनक आले तरी लगेच मेंदूवर आळ घेऊ नये. थायरॉइडचा स्राव कमी पडणे, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, ऐकू न येणे, मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, आणि खरेखुरे नैराश्य, यांतले काहीही माणसाला गप्प बसवू शकते, आणि यांतले बरेचसे बरे होणारे आहे.

झिजलेल्या तारा पुन्हा जोडणारे औषध आज नाही. या विकारातल्या उदासीनतेवर खात्रीचे औषधही नाही. रक्तदाब काटेकोर आटोक्यात ठेवला तर पांढऱ्या डागांची वाढ काहीशी मंदावते, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २०१९ मध्ये दिसले. मिठागरांच्या, सुक्या बोंबलांच्या आणि लोणच्या-पापडांच्या या किनाऱ्यावर दाब मोजून घेणे चाळिशीतच सुरू व्हायला हवे. सत्तरीत डाग मोजत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

लाप्लानच्या रुग्णांची एक गोष्ट गुरुजींच्या घरी उपयोगी पडली. आतून धक्का येत नसेल तर तो बाहेरून द्यायचा, रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, आणि 'आज जायचं का?' असे न विचारता. सुनेचा राग चित्र पाहिल्यावर बराच निवळला. आता सकाळी सातवीतला नातू चपला आणून समोर ठेवतो आणि म्हणतो, "आजोबा, चला, भरती बघायला." गुरुजी उठतात. बंदरावर घड्याळ पाहतात, वहीत वेळ लिहितात, अक्षर अजून देखणे आहे. मध्ये आम्ही ती वही चाळली. ज्या दिवसांत नातू शाळेच्या सहलीला गेला होता, त्या चार ओळी कोऱ्या आहेत.